बैलगाडीचा तोल आणि बोटीचा ट्रेलर

भाताचा पेंढा भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. पेंढा मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे दांडी वर उचलते. पुढं जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता शेतकरी ओझं आसाच्या किंचित पुढं ठेवतो.

हाच तरफेचा नियम बोटीच्या ट्रेलरलाही लागू पडतो. समजा, वडगावहून कामशेतमार्गे पवना धरणाकडे फायबरची बोट न्यायची आहे. रबरी बोटीतली हवा काढून ती टेम्पोत टाकता येते. फायबरच्या बोटीला मात्र ट्रेलरच लागतो.

जोडावरचा भार

ट्रेलरची दांडी गाडीच्या हुकाला जिथे जोडतात, तिथे खाली पडणारा भार एकूण वजनाच्या (बोट अधिक ट्रेलर) साधारण ७ ते १० टक्के असावा. भार कमी पडला तर वेगात, विशेषतः उतारावर, ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही ओढतो. भार फार झाला तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक नीट लागत नाहीत. गाडीच्या आणि हुकाच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा तर कधीच ओलांडू नये.

मोजायचं कसं?

सपाट जागा निवडा. चाकांना दगडांची उटी लावा. ट्रेलरचा जोड हुकाच्या उंचीवर येईल असा काट्यावर टेका. शाळेत मुलांचं वजन करायला असतो तसा काटा चालतो, पण भार त्याच्या क्षमतेत बसला पाहिजे. पेट्रोल, नांगर, सामान नेहमीच्या जागी ठेवूनच मोजा.

आता उदाहरण पाहू. बोट ६०० किलो, ट्रेलर २०० किलो, एकूण ८०० किलो. काट्यावर ५० किलो आले, म्हणजे सव्वासहा टक्केच. आसापासून जोडापर्यंतचं अंतर ४ मीटर आहे. बोट २० सेंटिमीटर पुढं सरकवली, तर जोडावर ६०० × ०.२ ÷ ४ = ३० किलो वाढतात. झाले ८० किलो, बरोबर १० टक्के! बोट जिथे टेकते तो पुढचा खांब तेवढा पुढं घेऊन पक्का करायचा.

बोटीच्या तळाला आधार

पाण्यात बोटीला सगळीकडून आधार मिळतो. ट्रेलरवर तोच भार मोजक्या जागांवर येतो. आधार कमी असेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात तळाला तिथेच दणका बसतो. तो दबतो, तडकतो. म्हणून बोटीचा कणा मधल्या रोलरांवर टेकवावा आणि दोन्ही बाजूंच्या गादी लावलेल्या फळ्या तळाला लांबवर, सारख्या लागतील अशा बसवाव्यात. इंजिन मागच्या भिंतीवर असतं, तेव्हा या फळ्या थेट त्या भिंतीखालपर्यंत पोचायलाच हव्यात. बोट सरकवली की आधार पुन्हा तपासायचा, आणि भारही पुन्हा मोजायचा. शेवटी पुढून आणि मागून पट्टे आवळायचे.

वहीत सोडवा

वरच्याच ट्रेलरवर, आसाच्या २ मीटर मागे ६० किलोचं इंजिन नव्यानं बसवलं. जोडावरचा भार किती किलोनं कमी होईल? मग ती बोट घेऊन रस्त्यावर निघणं सुरक्षित आहे का? कारणासह लिहा.