किडनी देणाऱ्याचीही काळजी हवी

किडनीरोपणाचा विषय निघाला की सर्वांचे लक्ष रोग्याकडे जाते. परंतु भावासाठी वा मुलासाठी किडनी देणारा माणूस धडधाकट असतो. त्याला स्वतःचे काहीच दुखणे नसते. म्हणून त्याच्या जिवाला धोका कोठे असतो, हे घरच्यांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. मधुमेहाने किडन्या निकामी होण्याचे दुःख आपल्या मॉरिशसला नवे नाही.

पूर्वी दात्याच्या कुशीवर लांब छेद घेत. १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. रॅटनर व डॉ. कावूसी यांनी प्रथमच दुर्बिणीने, लहान छिद्रांतून दात्याची किडनी सोडवली. तेव्हापासून दात्याच्या वेदना कमी झाल्या व तो लवकर कामाला लागू लागला. रक्तवाहिन्यांचा धोका मात्र राहिलाच.

एका किडनीतून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहते. बहुधा डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते. पण त्या शिरेला मिळणाऱ्या लहान शिरा फाटल्या तर रक्तस्राव होतो. काहींच्या किडनीला दोन-तीन धमन्याही असतात. म्हणून सी.टी. स्कॅन करून रक्तवाहिन्यांची रचना अगोदरच पाहतात.

खरी कसोटी धमनी बंद करण्यात आहे. रोग्याला जोडता यावी म्हणून किडनीकडे धमनी लांब ठेवतात. दात्याच्या अंगात आखूड टोक उरते. त्यावर नुसती प्लॅस्टिकची क्लिप लावली तर ती निसटू शकते, कधी शस्त्रक्रिया संपल्यावरही. अशाने काही दाते दगावले. २००६ साली उत्पादकाने आणि २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावले की या क्लिपा दात्याच्या धमनीवर वापरू नयेत. धमनीच्या भिंतीतून आरपार जाणारा टाका किंवा स्टेपलरच्या पिना अधिक भरवशाच्या. स्टेपलरही क्वचित दगा देतो. अशा वेळी तत्काळ पोट उघडणे हे अपयश नव्हे, शहाणपण होय.

घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेत २०१३ ते २०२२ या काळात दहा हजार दात्यांमागे एकाहूनही कमी मृत्यू झाला. तरीही डॉक्टरांना अवश्य विचारावे: धमन्या किती आहेत? त्या कशाने बंद करणार? पहिल्या रात्री नाडी व रक्तदाब कोण पाहणार? यात संकोच कसला? रोगी बरा व्हावा, आणि देणाराही सुखरूप घरी यावा.