१५ ऑक्टोबर : शेतकरी बाईचा दिवस आणि वाचनाचा दिवस

'दिनविशेष' या आपल्या कार्यक्रमात आज तारीख घेऊ या १५ ऑक्टोबर. या सुमाराला आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. सोयाबीनची मळणी, कापसाची पहिली वेचणी, ज्वारीची पेरणी आणि त्यातच दिवाळीची आवरासावर. नेमक्या अशा दिवसात आपल्या नावाचा एक दिवस येतो आणि बहुतेकींना पत्ताही नसतो.

१९१८ साली दसऱ्याला शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला, ती तारीख १५ ऑक्टोबर होती. आज मात्र आपण याच तारखेच्या दुसऱ्या दोन गोष्टींबद्दल बोलणार आहोत.

पहिली गोष्ट रामेश्वरमची. तमिळनाडूच्या या गावात १५ ऑक्टोबर १९३१ रोजी अब्दुल कलाम जन्मले. वडील होडीवाले, घर मोठं, मिळकत बेताची. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रं वाटण्याचं काम केलं. पुढे मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांची निवड झाली, पण प्रवेशासाठी हजारेक रुपये हवे होते. वडिलांकडे एवढी रक्कम नव्हती. तेव्हा त्यांच्या बहिणीने, जोहराने, आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. कलामांनी हे स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. तो मुलगा शास्त्रज्ञ झाला, देशाचा राष्ट्रपती झाला. त्यांना पुस्तकं फार प्रिय, म्हणून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. आपली मुलं त्या दिवशी शाळेत दप्तराबाहेरचं पुस्तक वाचतात ते यासाठीच.

दुसरी गोष्ट आपली स्वतःची. १९९५ साली चीनमधल्या बीजिंगला जगभरच्या स्त्रियांची मोठी परिषद भरली होती. खेड्यातल्या बाईसाठी एक दिवस असावा, ही कल्पना तिथे पुढे आली. १६ ऑक्टोबर हा जागतिक अन्न दिन. अन्न पिकवणारीची आठवण अन्नाच्या आधी व्हावी, म्हणून आदला दिवस निवडला. डिसेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली आणि २००८ पासून १५ ऑक्टोबर हा 'आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिन' झाला. आपल्या देशाचं कृषी मंत्रालयही हाच दिवस 'राष्ट्रीय महिला किसान दिवस' म्हणून पाळतं.

म्हणजे कॅलेंडरवर आपलं नाव आलं. सातबाऱ्यावर आहे का?

खेड्यात काम करणाऱ्या शंभर बायकांपैकी सुमारे ७५ शेतीत राबतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेतीच्या शंभर खातेदारांमागे बायका निघाल्या जेमतेम १४. निंदणी, खुरपणी, वेचणी आपण करतो आणि कागदावर शेतकरी दुसराच असतो. पीक कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, या सगळ्यांना जमिनीचा कागद लागतो. घरधनी अचानक गेला आणि नाव लागलेलं नसेल, तर तेच शेत कसणाऱ्या बाईला बँकेत दारापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, या दोन दिवसांची सांगड घालू. १५ ऑक्टोबरला आपणही वाचन करू, पण आपल्या सातबाऱ्याचं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेलं असतं, बारामध्ये कोणत्या हंगामात कोणतं पीक घेतलं ते. वाचताना चार गोष्टी बघा. एक, गट नंबर आणि क्षेत्र बरोबर आहे का. दोन, भोगवटादार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत. नाव कंसात असेल किंवा त्यावर आडवी रेघ असेल, तर ते नाव कमी झालेलं आहे असं समजा. तीन, नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्याचं नाव असं लागलेलं असेल, तर जमीन त्याच्या एकट्याची नसते. चार, 'इतर अधिकार' हा रकाना. तिथे कर्जाचा बोजा असतो. पुष्कळ ठिकाणी विधवा आणि लेकी यांची नावंही भोगवटादारात न लावता इथेच टाकलेली दिसतात. तसं दिसलं तर तलाठ्याला कारण विचारा.

आता हक्काचं बघू. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांना सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मात्र लेकीला जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि लेक, लग्न झालेली असो वा नसो, मुलाच्या बरोबरीची झाली. त्या तारखेला वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. इतर धर्मांच्या मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण सातबारा वाचायची रीत सगळ्यांना एकच.

मालक वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला जोडायचा, सगळ्या वारसांची नावं लिहायची, पोच घ्यायची. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण मध्ये दुसरंच काही घडून जातं. माहेराहून 'हक्कसोडपत्रावर सही कर' असा निरोप आला, तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. भावाला हिस्सा द्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. माहेर तुटायची भीती खोटी नाही, आम्हालाही ती माहीत आहे. पण द्यायचं तर काय देतोय ते कळून द्यावं.

आणि नवरा हयात असताना? तेव्हा त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव आपोआप लागत नाही, त्याने मनावर घ्यावं लागतं. ते होऊ शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, राज्यभरातून बायका लोटल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीचं ऋण मानायचं आणि स्वखुशीने तिच्या नावावर जमीन करायची. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. १९९२ साली सरकारनेही 'लक्ष्मी मुक्ती'चं परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं.

जोहराकडे भावासाठी गहाण ठेवायला बांगड्या होत्या. आपल्यातल्या पुष्कळजणींच्या नावावरही तेवढंच असतं, अंगावरचं किडुकमिडुक. अडीनडीला तेच मोडतं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यायचं. डिजिटल सहीचा उतारा महाभूलेखवर १५ रुपयांत निघतो. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी बोट ठेवून आपलं नाव शोधायचं. ज्यांचं नाव सापडणार नाही, त्यांची यादी करायची आणि चार-पाचजणींनी मिळून तलाठी कार्यालय गाठायचं. एकटीला 'उद्या या' म्हणतात, पाचजणींना खुर्ची देतात.

भेटू पुढच्या दिनविशेषात. नमस्कार!