प्रकाशवर्ष, पार्सेक आणि मैलातले इंच

एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे, हे विद्यार्थी पाठ करतात. उदाहरण सोडवताना मात्र या आकड्याने गुणायचे की भागायचे, इथे त्यांचे अडते. आकडा कुठून आला हेच ठाऊक नसते, म्हणून असे होते. तो वर्गात फळ्यावर काढून दाखवता येतो आणि गंमत अशी, की त्यासाठी किलोमीटरची गरजच पडत नाही.

सुरुवात खगोलीय एककापासून करू. पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतर ते हे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ साली ते १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असे निश्चित केले. पण आपल्या कामाला दुसरा आकडा अधिक सोयीचा आहे : हे अंतर कापायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात. ३६५.२५ दिवसांच्या वर्षात ३,१५,५७,६०० सेकंद असतात. त्यांना ४९९ ने भागले की सुमारे ६३,२४१ येतात. म्हणजे एका प्रकाशवर्षात एवढी खगोलीय एकके मावतात.

आता पार्सेक. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सहा महिन्यांनी कक्षेच्या दुसऱ्या टोकाला गेली, की जवळचा ताराही दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर असाच सरकलेला दिसतो. या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे ताऱ्याचा पराशय. ज्याचा पराशय एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, तो तारा एक पार्सेक दूर. ‘पॅरॅलॅक्स’ आणि ‘सेकंद’ यांचे तुकडे जोडून झालेले हे नाव १९१३ साली हर्बर्ट हॉल टर्नर यांनी सुचवले.

असे समजा, की तारा एका प्रचंड वर्तुळाच्या केंद्रात आहे आणि सूर्य व पृथ्वी परिघावर आहेत. त्यांच्यामधला एक खगोलीय एककाचा कंस केंद्राशी एक विकलेचा कोन करतो. (एवढ्या लहान कोनात कंस आणि सरळ रेषा यांतला फरक विसरला तरी चालतो.) पूर्ण वर्तुळात ३६० × ६० × ६० = १२,९६,००० विकला. तेव्हा परीघ १२,९६,००० खगोलीय एकके. २π ने भागले की त्रिज्या मिळते : २,०६,२६५. हाच पार्सेक! त्याला ६३,२४१ ने भागा, ३.२६ हजर. पायलीऐवजी शेराने मोजले की आकडा वाढतो, तसे पार्सेकचे प्रकाशवर्ष करताना आकडा वाढलाच पाहिजे. गुणायचे की भागायचे, हा प्रश्न मग उरत नाही.

पार्सेकमधील अंतर म्हणजे १ भागिले विकलांतील पराशय. बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१४ विकला असल्याचे जाहीर केले. त्यावरून अंतर ३.१८ पार्सेक, म्हणजे १०.४ प्रकाशवर्षे येते. आजच्या मोजणीनुसार पराशय ०.२८६ विकला आहे, म्हणून अंतर ३.५० पार्सेक किंवा ११.४ प्रकाशवर्षे. प्रकाशवर्ष व्याख्येने ९४,६०,७३,०४,७२,५८०.८ किलोमीटर आहे खरे, पण तीन अंकी पराशयाला या आकड्याने गुणून कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक वहीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला जरूर थांबवावे. त्यातले तीनच अंक त्याच्या कमाईचे असतात.

मैल आणि इंच आता पाठ्यपुस्तकांतून गेले. इथे मात्र ते उपयोगी पडतात. मैलात ६३,३६० इंच, आणि प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एकके. निव्वळ योगायोग, पण फार सोयीचा. सूर्य-पृथ्वी अंतर एक इंच धरले, तर प्रकाशवर्ष जवळजवळ नेमके एक मैल होते. (मेट्रिक मापेच हवी असतील, तर एका सेंटिमीटरला ६३२ मीटर.) कागदावर पाव मिलिमीटरचा ठिपका काढा, तो सूर्य. पृथ्वी त्याच्यापासून एक इंचावर, नेपच्यून तीस इंचांवर. मग सव्वाचार मैल, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटर काही नाही. तिथे सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा. बेसेल यांचा तारा अठरा किलोमीटरवर. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख मैलांवर ठेवावी लागेल, म्हणजे खऱ्या चंद्राच्या दहापट दूर.