घर लहान की सामान मोठं?

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरू लागते. तुटक्या कानाची कढई, लग्नात आलेला न उघडलेला लेमन सेट, मुलगा आता कॉलेजात गेला तरी त्याचा पाळणा, टीव्हीचं रिकामं खोकं. सगळं खाली येतं, पुसलं जातं आणि संध्याकाळी पुन्हा वर जातं. मग घरातलं कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, "जागाच पुरत नाही हो आपल्याला!"

हे वाक्य एका खोलीत राहणारा म्हणतो आणि तीन बेडरूमवालाही म्हणतो. म्हणजे अडचण केवळ चौरस फुटांची नाही. शहरात लहान घराची अडचण खरी आहे, ती शब्दांनी दूर होणार नाही. पण आहे त्या घराची मांडणी बदलली, तर एखादी खोली जोडल्याइतका फरक पडू शकतो. तो कसा, हे आज पाहू.

जागा पूर्वी कशी पुरत होती?

मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या चाळींत एका कुटुंबाला खोली मिळे साधारण १६० चौरस फुटांची. त्यात आई-वडील, आजी, चार-पाच भावंडं आणि गावाहून नोकरीसाठी आलेला एखादा काका. गिरणगावात तर एकाच खोलीत कामगार पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा उठून जायचा.

त्या दिवसांचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. त्या अडचणीचं सगळ्यात जास्त ओझं बायकांवर पडत होतं. पण तिथे जागा वापरण्याच्या दोन युक्त्या होत्या आणि आपण त्या विसरलो आहोत.

पहिली युक्ती वेळेची. सकाळी अंथरुणं गुंडाळून गादीची वळकटी कोपऱ्यात गेली की झोपायची खोली बैठकीची होई. पाट मांडले की तीच जेवणघर, पाट उचलले की अभ्यासाची खोली. जपानमध्येही पारंपरिक घरात हेच चालतं. रात्री अंथरायची फुतोन नावाची गादी सकाळी घडी करून ओशिइरे या भिंतीतल्या खोल कपाटात जाते आणि खोली मोकळी होते.

दुसरी युक्ती भिंतीची. आपल्या वाड्यांच्या भिंती जाड असत. त्यात दिव्याला कोनाडा, डबे-बरण्यांना फडताळ, धान्याला बळद. वर वाळत घालायला दांडी, कपड्यांना खुंटी, डाळी-पिठांसाठी एकावर एक रचलेली मडक्यांची उतरंड. सामान भिंतीत आणि उंचीवर असे, जमीन माणसांसाठी राही.

पुढे ब्लॉक आले, भिंती पातळ झाल्या, कोनाडे गेले. त्यांच्या जागी पलंग, सोफा, शोकेस आणि टीपॉय आले. यातली प्रत्येक वस्तू जमिनीवर उभी राहते आणि एकदा ठेवली की हलत नाही.

थोडं गणित

आता डोळ्यांसमोर एक खोली आणा. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. पलीकडे लहानसं स्वयंपाकघर. राहणारी माणसं पाच : आजी, नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा. असं घर आपल्या ओळखीत नक्की असेल.

या खोलीत ६ बाय ६चा डबलबेड ठेवला, ३६ चौरस फूट गेले. कपाट ५ फूट रुंद आणि २ फूट खोल, १० गेले. तीन जणांचा सोफा १५, टीपॉय साडेचार, टीव्हीचं युनिट ६. बेरीज साडेएकाहत्तर. शिवाय ३ फुटी दार आत उघडतं, तेव्हा ते जमिनीवर पाव वर्तुळ व्यापतं, म्हणजे आणखी ७ चौरस फूट. राहिले जेमतेम ४१. तेही सलग नाहीत. पलंग आणि कपाट यांमधली फट, सोफ्यामागची पट्टी असे तुकडे. पाच माणसांना मिळून खोलीचा एक तृतीयांश भाग, बाकी सगळी फर्निचरची मालकी!

आता डबलबेड, सोफा, टीपॉय आणि टीव्हीचं युनिट बाहेर काढू. भिंतीला लागून ६ फूट लांब, अडीच फूट रुंद दिवाण ठेवू आणि त्याच्या पोटात रात्री ओढून काढायचा दुसरा दिवाण. त्याला १५ चौरस फूट. दिवसा हाच सोफा. कपाट तेवढंच, १०. टीव्ही भिंतीवर. पुस्तकं आणि किरकोळ सामानासाठी ४ फूट लांब, १ फूट खोल मांडणी, ४. बेरीज २९. दाराचे ७ धरले तरी ८४ चौरस फूट मोकळे राहतात, पूर्वीच्या दुप्पट. भिंत एक इंचही हललेली नाही.

आधी माणसं, मग फर्निचर

घराची मांडणी बदलायची म्हटलं की आपण आधी दुकानात जातो. खरं तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं आणि सामानाची नव्हे, माणसांची यादी करावी. कोण किती वाजता उठतं, कोण कुठे बसतं, कुणाला शांतता हवी, रात्री कोण उठतं.

वरच्या घरातल्या आजींचंच पाहा. गुडघे दुखतात, त्या जमिनीवर झोपू शकत नाहीत. दिवाण त्यांचा. त्याची उंची गादीसकट १७-१८ इंच असावी. त्याहून खाली असला तर उठताना कुणाचा तरी हात लागतो. रात्री बाथरूमकडे जाण्याच्या वाटेत ना टीपॉय असावा, ना सतरंजीची मुडपलेली कड. चालण्याची वाट अडीच-तीन फुटांची हवी. म्हातारपणी घरातल्या घरात पडून खुब्याचं हाड मोडतं, तेव्हा पुष्कळदा अंधार आणि अडगळ हीच दोन कारणं असतात.

दहावीतल्या मुलीला टेबल हवं. जागा नाही म्हणून ती पलंगावर पाठ वाकवून लिहिते. खिडकीजवळच्या भिंतीला ३ फूट लांब, दीड फूट रुंद फळी बिजागऱ्यांवर बसवा. जमिनीपासून उंची २९-३० इंच. अभ्यास झाला की खाली पाडायची. लिहिताना उजेड डावीकडून यावा, डावखुरी असेल तर उजवीकडून. या फळीला प्लायवुड किती लागतं? शोकेसच्या एका दाराइतकं. पण "ही माझी जागा" म्हणायला मुलीला काहीतरी मिळतं.

आणि घरातल्या बाईचं काय? साऱ्या घराची मांडणी ती करते, पण तिची स्वतःची जागा विचारली तर ती ओट्याकडे बोट दाखवते. तिची कागदपत्रं, चष्मा, शिवणाचा डबा, मोबाइल ठेवायला एक खण तिच्या नावाचा असावा, ज्यात दुसरं कुणी काही कोंबणार नाही.

खोली, उंची आणि दारं

सुतार कपाट करताना सगळे खण सवयीने दोन फूट खोल करतो. हँगरवर कपडे टांगायचे तर एवढी खोली लागतेच. पण घडीच्या कपड्यांना १४ ते १६ इंच पुरतात, पुस्तकांना १० ते १२ आणि डब्यांना १२. जास्त खोल खणात वस्तूंच्या दोन रांगा लागतात, मागची रांग विसरली जाते आणि आपण तीच वस्तू पुन्हा विकत आणतो.

उंचीकडेही पाहा. साडेनऊ फूट उंच खोलीत ७ फुटांवर माळा काढला, तर एका १० फुटी भिंतीवर, २ फूट खोल धरून, निदान ४० घनफूट जागा मिळते. त्यात मोठ्या दहा सुटकेसेस मावतील. मात्र माळ्याचा नियम एकच : वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूच वर. रोजचं कंबर ते डोळे या उंचीत, जड सामान खाली. आणि पाळण्यासारखी जी वस्तू सलग दोन दिवाळ्या नुसतीच खाली उतरून वर गेली, ती कुणाच्या तरी उपयोगी पडू द्यावी.

अरुंद जागी सरकतं दार बरं. पण सरकत्या दारांच्या कपाटाचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, हे ध्यानात ठेवा. पलंगाच्या पोटातल्या पेटीचंही तसंच. जागा भरपूर, पण गादी उचलायला दोन माणसं लागत असतील, तर ती पेटी नव्हे, विस्मरणाची कोठडी होते. पुढून ओढायचे ड्रॉवर सोयीचे.

स्वयंपाकघर

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार जर्मनीत फ्रँकफर्टला झाला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची मोठी टंचाई होती. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे ७० चौरस फुटांच्या आसपास. स्वयंपाक करणारी किती पावलं चालते, कुठली वस्तू कधी उचलते, याचा अभ्यास करून तिने प्रत्येक खणाची जागा ठरवली. आजचं मॉड्युलर किचन याच विचारातून आलं.

त्यातलं मर्म आपल्याला खर्चाशिवाय घेता येतं. धुणं, चिरणं आणि शिजवणं ही तीन कामं ओट्यावर ओळीने यावीत. चहाची भांडी, साखर, पूड शेगडीपासून एका हातावर. ओटा सहसा ३२ ते ३४ इंच उंच करतात. पण तो गवंड्याच्या सवयीने नव्हे, जिला तिथे उभं राहायचं तिच्या कोपरावरून ठरवावा. कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असला की खांदे आणि कंबर भरून येत नाहीत.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. खिडकी झाकून कपाट लावू नका, वाफ आणि धूर बाहेर जाऊ द्या. आणि सिलिंडर घट्ट बंद कपाटात ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरच्या खणाला खाली झरोके हवेतच.

कुठे हात लावायचा नाही

जागेच्या हव्यासापायी भिंत पाडण्याचा मोह होतो. इथे थांबा. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. आपल्या घरातला खांब सगळ्या इमारतीचा असतो. जुन्या इमारतींत तर भिंतच भार पेलते. खांब, तुळई, स्लॅब आणि भार पेलणारी भिंत यांना हात लावायचा नाही. मधली साधी भिंत काढायची असली, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटी व पालिकेची परवानगी घेतल्यावरच. बाथरूमची जागा हलवली की गळती खालच्या शेजाऱ्याकडे जाते आणि भांडण आपल्याकडे येतं.

घर नवं घेणार असाल तर आकडा नीट विचारा. रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे. त्यात आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. तुमचं कपाट आणि तुमचा दिवाण याच आकड्यात बसवायचा आहे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त एक ध्यानात ठेवावं. चाळीत खोलीबाहेर सामाईक पॅसेज होता. मुलं तिथे खेळत, म्हातारी माणसं तिथे बसत. तेवढं सारं आता घरात यायचं आहे. म्हणून सोफासेटची ऑर्डर देण्याआधी त्यासाठी जागा राखावी.

शेवटी एक सोपा प्रयोग. काहीही विकत घेण्याआधी रद्दीतली वर्तमानपत्रं काढा आणि त्या वस्तूच्या मापाचा कागद जमिनीवर पसरा. दोन दिवस तो तसाच राहू द्या आणि त्यावर पाय न देता घरात वावरून पाहा. आजींनाही वावरायला सांगा. कागद वाटेत येत असेल, तर ती वस्तूही येणार. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण खर्चाबद्दल म्हणतो. घराच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे आणि पाहायला लागतात फक्त एक टेप, थोडी रद्दी आणि एक रविवार.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)