उन्हाळी शिबिरे : आठवणींवर चालणारा धंदा

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना शहराबाहेर, एखाद्या तळ्याकाठच्या शिबिरात पाठवण्याची जुनी रीत आहे. 1861 साली कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन आपले विद्यार्थी घेऊन समुद्रकिनारी तंबूत राहिले. या प्रथेची सुरुवात बहुधा तेथूनच धरली जाते. इतकी वर्षे टिकलेला हा धंदा आमच्या व्यापारी बांधवांनी नजरेखालून घालावा असा आहे.

येथे माल वापरतो मुलगा आणि पैसे देतो बाप. बाप स्वतः लहानपणी शिबिरात राहिलेला असेल, तर त्याला जाहिरात दाखवावी लागत नाही. तीच शेकोटी, त्याच लाकडी खोल्या, तेच तळ्यातले पोहणे त्याला मुलासाठी हवे असते. म्हणून जुनी शिबिरे आपले नाव आणि दिनक्रम सहसा बदलत नाहीत. आपल्याकडे मुलगा गल्ल्यावर बसला, की पहिली बदलते ती दुकानाची पाटी!

खर्चाची बाजू मात्र अवघड. जागा बरेच महिने रिकामी, देखभाल बारमाही. म्हणून फी हंगामापूर्वीच घेतात व एरवी जागा भाड्याने देतात. 2020 साली कोरोनामुळे अनेक निवासी शिबिरे उघडलीच नाहीत आणि घेतलेल्या आगाऊ रकमेचा प्रश्न उभा राहिला. इजाऱ्यात काम, मुदत व मोबदला आधी ठरलेला असावा लागतो. काम झाले नाही तर पैसे कसे परत मिळतील, तेही पावतीवर लिहावे.

कारागिरांसाठी खरी गोष्ट पुढे आहे. त्या शिबिरांत हस्तकलेचा तास असतो. तेथे विणलेली दोऱ्याची पोंची मुले मोठेपणीही जपून ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात शहरोशहरी शिबिरे व दीनी तालीमचे वर्ग भरतात. शिंप्याला टोप्या-पिशव्यांचे काम मिळते, पण जरदोजीवाल्याला किंवा बुकबाइंडरला शिकवायला बोलावल्याचे आम्ही क्वचितच पाहिले. त्याच्या स्वतःच्या मुलांनाही बापाचा हुनर इतरांनी मान देऊन शिकलेला दिसत नाही.

बोलावण्याची वाट न पाहता मार्चमध्येच चालकांना भेटावे. तासाचा दर सांगावा, साहित्याचा खर्च वेगळा धरावा. अड्डा न्यायची गरज नाही, लहान रिंग पुरते. लहानग्यांच्या हाती आरी मात्र देऊ नये. त्यांना साधी सुई आणि जाड दोरा बरा.