खेळाडू की खुर्च्या?
टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचा माजी अध्यक्ष डॅनियल लेव्हींवरचा राग जुनाच: स्टेडियम बांधलं, संघ नाही बांधला. 2018च्या उन्हाळ्यात क्लबने एकही खेळाडू घेतला नव्हता. हिशेबाची वही मात्र वेगळं बोलते. 5 कोटी पौंडांचा खेळाडू 5 वर्षांच्या करारावर घेतला, तर दरवर्षी 1 कोटी खर्ची पडतात; करार संपला की वहीत शून्य. स्टेडियमच्या बांधकामाचा खर्च लेव्हींच्या काळात प्रीमियर लीगच्या तोटा-मर्यादेत धरतच नसत, तिथली कमाई मात्र धरत! जुन्या मैदानात सुमारे 36,000 प्रेक्षक मावत, 2019 मध्ये उघडलेल्या नव्यात 62,850. तरी चाहते अगदीच चुकले नाहीत. उत्पन्नाच्या मानाने पगारावर क्लबने हात आखडताच ठेवला, आणि गुणतक्त्यातलं स्थान बहुधा पगारामागेच धावतं. सप्टेंबर 2025 मध्ये लेव्ही पायउतार झाले. 17 वर्षांतला पहिला मोठा करंडक, युरोपा लीग, जिंकून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.