सूर्यफुलाचे बियाणे आणि तंतुकणिकेतील एक विकर

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'एनएचएच-44' हा संकरित कापूस मराठवाड्याला चांगला परिचित आहे. अशा कापसाचे संकरित बियाणे हाताने तयार करतात. संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग कुक्षीवर लावायचे. लातूरच्या गळीतधान्ये संशोधन केंद्राने सूर्यफुलाचे 'एलएसएफएच-35' व 'एलएसएफएच-171' हे संकरित वाण दिले. पण सूर्यफूल म्हणजे हजारभर इवल्या पुष्पिकांचा गुच्छ. प्रत्येकीतील पुंकेसर कोण काढत बसणार? येथे मादी वाणात परागच तयार होत नाहीत. याचे कारण शोधताना आपल्याला तंतुकणिकेत डोकवावे लागते.

तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर एटीपी सिंथेज हे विकर असते. ते एकसंध प्रथिन नसून अनेक उपएककांची जुळणी आहे. त्याचे डोके तीन अल्फा आणि तीन बीटा उपएककांचे असते. संत्र्याच्या फोडींसारखी ती आळीपाळीने बसलेली असतात आणि मधोमध गॅमा हा दांडा असतो. पटलात रुतलेल्या बुडख्यातून प्रोटॉन आत येऊ लागले की दांडा फिरतो. एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात. या विकराचे कार्य उलगडल्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

वनस्पतींत या उपएककांचे आराखडे दोन ठिकाणी असतात. बीटाचे जनुक केंद्रकात, तर अल्फाचे जनुक तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत. बुडख्यातील 'आठ' क्रमांकाच्या लहानशा उपएककाचे जनुकही तेथेच असते.

फ्रान्समध्ये लेक्लर्क यांना 1969 मध्ये रानटी सूर्यफुलाशी केलेल्या संकरातून नरवंध्य झाडे मिळाली. त्यांच्या तंतुकणिकांतील डीएनएची फेरमांडणी होऊन अल्फाच्या जनुकाशेजारी एक नवे जनुक तयार झाले होते. त्याच्या प्रथिनाचे सुरुवातीचे टोक 'आठ' क्रमांकाच्या उपएककासारखे, पण पुढचा भाग वेगळाच! अशा झाडांत एटीपी सिंथेजचे काम मंदावलेले आढळते. पाने, मुळे यांचे त्यावाचून फारसे अडत नाही. परागकोशात मात्र वाढत्या परागांना अन्न पुरवणारा पेशींचा थर अकाली मरतो आणि पराग तयार होत नाहीत.

तंतुकणिका बीजांडातून, म्हणजे आईकडून येतात. त्यामुळे मादी वाणाच्या सर्व संततीत हा दोष उतरतो. मग शेतकऱ्याच्या शेतात दाणे कसे भरतात? नर वाणाच्या केंद्रकात एक पुनःस्थापक जनुक असते. ते परागकोशात त्या नव्या जनुकाचा संदेश कमी करते. त्याची एक प्रत मिळाली, तरी संकरित झाडाला पराग येतात.

शेतकरी विचारतात, "घरचे बी ठेवले तर काय बिघडते?" उंची आणि फुलण्याची वेळ यांत विविधता येते, हे आपण सांगतोच. पण आणखी एक गोष्ट आहे. पुढच्या पिढीत सर्व झाडांना आजीच्याच तंतुकणिका मिळतात. पुनःस्थापक जनुकाच्या प्रती मात्र मेंडेलच्या नियमाने वाटल्या जातात. स्वपरागणातून आलेल्या बियाण्यात सुमारे चारांत एका झाडाला एकही प्रत मिळत नाही, आणि ते झाड परागहीन निघते.

हे शाळेतही पाहता येईल. संकरित झाडाचे फूल उमलण्यापूर्वी त्यावर पातळ कापडी पिशवी बांधा आणि मिळालेले बी पुढच्या हंगामात शाळेच्या बागेत पेरा. झाडे फुलली की रोज सकाळी काळा कागद धरून फुले झटका. काही फुलांखाली कागद पिवळा होईल, काहींखाली कोराच राहील. विद्यार्थ्यांना ती फुले मोजू द्या. झाडे पुरेशी असतील तर 3:1 हे प्रमाण त्यांना स्वतःच सापडेल. आजवर ते फळ्यावरच पाहिलेले असते.